आभाळाचा हिशेब

सांगली जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवीत नेले, तर एकाच जिल्ह्यात दोन निरनिराळे देश वसले आहेत की काय, असे वाटू लागते. पश्चिमेस शिराळा तालुक्यात चांदोलीचे दाट अरण्य आहे व वारणेचे भरलेले पात्र आहे. पावसाळ्यात तेथे कित्येक दिवस सूर्यदर्शन घडत नाही. मध्यभागी कृष्णाकाठची काळीभोर जमीन, उसाचे मळे आणि हळदीची शेते आहेत. तेथून मिरज-पंढरपूर लोहमार्ग धरून पूर्वेकडे निघावे, तो हिरवा रंग हळूहळू फिका होत जातो, झाडे खुजी होतात, आणि कवठे महांकाळ येईपर्यंत बाभळी, कुसळी गवत व मुरमाड टेकड्या यांचे राज्य सुरू झालेले असते.

या फरकाचे कारण सह्याद्री होय. अरबी समुद्रावरून येणारे ढग त्या पर्वताला अडून उंच चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळचे बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. महाबळेश्वर येथे वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पर्वत ओलांडून ढग पूर्वेकडे उतरू लागले, की त्यांच्या ओंजळीत फारसे काही उरत नाही. कवठे महांकाळच्या वाट्यास वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस येतो, आणि तोही वेळेवर येईल अशी खात्री नसते. तालुक्यातून वाहणारी अग्रणी नदी वर्षातील बराच काळ वाळूचा पट्टा होऊन पडलेली असते.

अशा भूमीत राहणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या थोड्या पाण्यात भागविण्याची विद्या संपादन केली. रब्बीचा शाळू, बाजरी, मटकी ही त्यांची पिके. माळावरच्या गवतावर मेंढरे जगतात. रांजणी येथे तर शासनाचे मेंढीपालनाचे मोठे क्षेत्रच आहे. जेव्हा एवढ्यानेही भागेना, तेव्हा लोकांनी गाव सोडले. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांतील पुष्कळ कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी भारतभर पांगली. दूरच्या एखाद्या शहरातील सराफ बाजारात सोने आटविणाऱ्या कारागिराशी बोलावे, तर तो अस्सल माणदेशी मराठीत उत्तर देतो, याचे मूळ या माळावरच्या कोरड्या आभाळात आहे.

परंतु कोरडेपणा हा सर्वस्वी शापच असतो असे नाही. विहिरींचे व पुढे कालव्यांचे पाणी मिळू लागल्यावर या भागात द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि द्राक्षांपासून बेदाणा करण्याच्या कामी ही कोरडी हवा फार उपयोगी पडली. नागज, आगळगाव या बाजूंना माळावर लांबच लांब शेड दिसतात. त्यांच्या बाजू उघड्या असतात आणि आत जाळ्यांचे मजले एकावर एक बांधलेले असतात. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट व विशिष्ट तेल यांच्या पाण्यात बुडवून त्या जाळ्यांवर पसरतात. त्या पाण्याने मण्यांच्या सालीवरील मेणासारखा थर सुटतो व आतील ओलावा लवकर बाहेर पडतो. मग माळावरचा वारा आपले काम करू लागतो. साधारण दोन आठवड्यांत मणी सुकतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, असा सर्वसाधारण हिशेब आहे. सांगली व तासगाव येथे त्याचे सौदे निघतात आणि तेथून तो देशभर जातो. सणासुदीच्या शिऱ्यात वा खिरीत जो बेदाणा दिसतो, तो अनेकदा या माळावरच्या वाऱ्याने सुकविलेला असतो.

हे सारे काम आभाळाच्या शब्दावर चालते. ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षवेलींची फळछाटणी करतात. त्यानंतर पाऊस येणार नाही, हिवाळा कोरडा जाईल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडक ऊन पडेल, हे गृहीत धरूनच शेतकरी कर्ज काढतो, औषधे आणतो, मजूर ठरवितो. वेल फुलोऱ्यात असताना पाऊस आला, तर मणी गळतात, घड कुजतात व दावण्या रोग बागेत शिरतो. मणी पिकल्यावर पाऊस आला, तर ते तडकतात. बेदाणा जाळीवर असताना आला, तर त्याचा रंग काळवंडतो व भाव उतरतो. पावसाची जन्मभर वाट पाहणाऱ्या माणसाने पावसालाच भ्यावे, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

२०१९ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सह्याद्रीवर असामान्य पाऊस कोसळला आणि कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांनी पात्र सोडले. सांगली शहरातील आयर्विन पूल १९२९ साली बांधला गेला. त्या पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले म्हणजे धोका समजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून घेण्यासाठी निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. आणि त्याच सुमारास त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागातील काही गावांना टँकरचे पाणी पुरवावे लागत होते! पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पावसाने जावयाच्या वेळी, तो पुन्हा आला व फुलोऱ्यातील द्राक्षबागांवर कोसळला. महापूर, टंचाई आणि अवकाळी पाऊस ही तिन्ही संकटे एका वर्षात एका जिल्ह्याने पाहिली.

दुष्काळ आणि पूर पूर्वीही होते, हे खरे आहे. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ किंवा १९७२ चा दुष्काळ कोणी विसरलेले नाही. म्हणून एखाद्या पुराकडे वा अवकाळी पावसाकडे बोट दाखवून, तो केवळ हवामान बदलल्यामुळेच आला, असे म्हणणे शास्त्राला धरून होत नाही. शास्त्रज्ञ जे सांगतात ते याहून सावधपणाचे, पण अधिक चिंताजनक आहे. अशा घटना घडण्याचा संभव वाढत चालला आहे व त्यांचा जोरही वाढत चालला आहे, असे ते सांगतात. याचे कारण समजण्यास कठीण नाही.

पृथ्वीभोवतालच्या हवेत नत्रवायू व प्राणवायू हेच मुख्य घटक होत. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ज्याला मराठीत कर्बवायू म्हणतात, तो अगदी अल्प असतो. परंतु त्याचा एक गुण असा, की सूर्याचा प्रकाश तो आत येऊ देतो आणि तापलेल्या जमिनीतून परत जाणारी उष्णता मात्र अडवून धरतो. थंडीच्या रात्री अंगावरील घोंगडी जे काम करते, तेच काम हा वायू पृथ्वीसाठी करतो. तो मुळीच नसता, तर पृथ्वी गोठून गेली असती. अडचण आहे ती घोंगडी जाड होत चालल्याची. कोळसा, खनिज तेल व वायू जाळला की कर्बवायू निर्माण होतो. कोळसा जाळून हवेतील कर्बवायू वाढला, तर पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. १९५८ पासून अमेरिकेचे चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूचे नियमित मोजमाप सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी तो सुमारे २८० भाग होता. त्या काळाच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान आता एक अंशाहून अधिक वाढले आहे.

एक अंश ही वाढ कोणास क्षुल्लक वाटेल. पण हवा एक अंशाने तापली, की तिची वाफ धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे तहानलेली हवा जमिनीतील, तळ्यांतील व पानांतील ओलावा अधिक ओढून घेते. आणि जेव्हा ती पाणी सोडते, तेव्हा एकदम व मुसळधार सोडते. माळ अधिक कोरडा पडणे आणि पूर अधिक मोठा येणे, या वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या गोष्टी एकाच कारणाची दोन फळे आहेत.

येथपर्यंतचा भाग भौतिकशास्त्राचा झाला. यापुढचा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. ही घोंगडी जाड केली कोणी?

हवेत गेलेला कर्बवायू शेकडो वर्षे तेथे राहतो. म्हणून आजचाच नव्हे, तर मागील दीड-दोनशे वर्षांचा हिशेब पाहावा लागतो. या काळात जगाने कोळसा व तेल जाळून जितका कर्बवायू सोडला, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारतात जगातील सहाव्या हिश्शाहून अधिक माणसे राहतात. पण त्या साठलेल्या वायूत भारताचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे. आजही अमेरिकेतील एक माणूस सरासरीने वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू निर्माण करतो, तर भारतातील एक माणूस सुमारे २ टन. आणि ही केवळ सरासरी होय. सरासरी ही फसवी गोष्ट आहे. ती उंच माणसाचे डोके कापून ठेंगण्याच्या डोक्यावर ठेवते. भारतातही वातानुकूलित घर, दोन मोटारी व विमानप्रवास ज्यांना परवडतो, ते कुटुंब आणि बेदाण्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर घड पसरणारी बाई, यांचा वाटा सारखा कसा असेल?

ऐषआरामाचा हिशेब किती साध्या रीतीने मांडता येतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. सांगलीहून पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे. एक गृहस्थ एकटाच आपल्या मोटारीतून पुण्यास गेला आणि त्याची मोटार एका लिटरला १५ किलोमीटर चालते असे धरले, तर १५ लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल जळेल. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलो कर्बवायू तयार होतो. म्हणजे त्याच्या प्रवासाचे सुमारे ३५ किलो झाले. त्याच दिवशी एस. टी.ची गाडी ४४ उतारू घेऊन त्याच वाटेने गेली. ती लिटरला ५ किलोमीटर चालली असे मानले, तर ४६ लिटर डिझेल लागले. एका लिटर डिझेलपासून सुमारे २.७ किलो कर्बवायू होतो. एकूण १२४ किलो झाले. ते ४४ जणांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास तीन किलोसुद्धा येत नाहीत. मोटारीतला गृहस्थ आणि एस. टी.तला उतारू एकाच रस्त्याने, एकाच गावी, एकाच दिवशी गेले. पण आभाळाच्या खातेवहीत पहिल्याच्या नावावर दुसऱ्याच्या बारापट रक्कम पडली. त्यातून मोटारीच्या काचा बंद होत्या व आत गारवा होता, ही गोष्ट निराळीच.

याचा अर्थ मोटारीत बसणारा माणूस दुष्ट असतो असा नव्हे. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेणारी मोटार आणि हौसेसाठी फिरणारी मोटार सारखाच धूर सोडतात, तरी त्यांची योग्यता सारखी नाही. अनिल अगरवाल व सुनीता नारायण या भारतीय अभ्यासकांनी १९९१ साली हाच भेद जगापुढे ठेवला. भाताच्या खाचरातून वा गरिबाच्या गुरांतून निघणारा वायू आणि श्रीमंतांच्या वाहनांतून निघणारा वायू एकाच तराजूत तोलू नये, असे त्यांचे म्हणणे होते. जगणे आणि चैन यांतील ही रेघ नेमकी कोठे ओढावी, यावर वाद होईल. पण रेघ आहे हे नाकारता येत नाही.

कवठे महांकाळच्या लोकांनाही या हिशेबातून पूर्ण सूट मिळत नाही. त्यांच्या शेतास जे पाणी आता येते, ते म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी पंपांनी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने वर चढवीत मिरज, कवठे महांकाळ, जत व त्यापुढील दुष्काळी भागाकडे नेतात. नदी खाली आणि शेत वर, म्हणून पाण्याला डोंगर चढावा लागतो. आणि पाण्याला डोंगर चढविणे ही खर्चाची गोष्ट आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच न्यावयाचे, तर किमान पाव युनिटाहून अधिक वीज लागते. पंपातील व नळातील तूट धरली तर त्याहून जास्त. या योजनेला तर पाण्याच्या नद्याच उचलावयाच्या असतात. विजेची बिले थकली म्हणून पंप बंद पडले व उभी पिके वाळली, असे अनेकदा घडले. पुढे शासनाने या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार स्वतः उचलण्याचे ठरविले व १९ टक्के लाभधारकांकडे ठेवला.

आता यातील पेच पाहावा. महाराष्ट्रातील बरीचशी वीज अजून कोळशापासून होते, आणि कोळशाच्या एका युनिटामागे जवळजवळ एक किलो कर्बवायू हवेत जातो. दुष्काळाशी लढण्यासाठी जे पाणी उचलावयाचे, त्याच्यापायी दुष्काळ वाढविणारा धूर निघतो. तरीही हा धूर आणि हौसेच्या मोटारीचा धूर यांत अंतर आहे, हे कोणाही समंजस माणसास पटेल. शिवाय ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात. जो वारा बेदाणा सुकवितो, तोच तेथे वीज निर्माण करतो.

ज्याला अधिक मिळाले त्याने अधिक भार उचलावा, हा विचार या परिसराला नवा नाही. त्याचे एक मोठे उदाहरण शेजारच्या तासगाव तालुक्यात घडले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली विसापूर येथे एक प्रयोग केला. काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यावयाचे, आणि त्या कामातून बंधारे, रस्ते, विहिरी अशी टिकाऊ मालमत्ता उभी करावयाची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लक्षावधी माणसे खडी फोडावयास आली, तेव्हा या प्रयोगाचे मोल ध्यानात आले. त्यातून रोजगार हमी योजना वाढली व तिचा कायदा झाला. परंतु पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठी १९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईतील कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात, आणि त्यांतून दुष्काळी गावातील मजुराची मजुरी भागे. कारकुनाने दुष्काळ पाडला नव्हता. तरीही आपण सावलीत आहोत व दुसरा उन्हात आहे, एवढे कारण त्यास पुरे मानले गेले. पुढे २००५ साली सबंध देशासाठी रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्याची मुळे या माळरानात सापडतात.

दुसरे उदाहरण येरळा नदीच्या काठचे. १९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा खानापूर तालुक्यातील कितीतरी कामगार गावी परतले. गावातील विहिरी का आटल्या, याचा ते शोध घेऊ लागले. तेव्हा त्यांना असे दिसून आले, की नदीच्या पात्रातील वाळू ठेकेदार उपसून नेत आहेत. ती वाळू शहरांतील इमारतींना जाते. वाळू म्हणजे नदीचा पाणी धरून ठेवणारा स्पंज. शहरात इमारतींचे मजले चढत होते आणि येथे विहिरींचे तळ उघडे पडत होते. मुक्ती संघर्ष या चळवळीने लोकांना एकत्र आणले, आणि बलवडी व तांदूळवाडी या गावांच्या शेतकऱ्यांनी येरळेवर बळीराजा धरण बांधावयास घेतले. खर्चासाठी थोडी वाळू त्यांनी स्वतःच विकली. या धरणाची खरी अपूर्वाई त्याच्या वाटपाच्या नियमात आहे. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणसांच्या हिशेबाने वाटावे, आणि ज्याच्याजवळ जमीन नाही त्याचाही पाण्यावर वाटा असावा, असे तेथे ठरले. नदी सर्वांची, तर तिचे पाणीही सर्वांचे. गावकऱ्यांनी मांडलेला हा साधा विचार मोठमोठ्या परिषदांना अजून पुरता झेपलेला नाही.

त्या परिषदांचीही थोडी हकीकत येथे सांगणे प्राप्त आहे. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे जगातील राष्ट्रे जमली व त्यांनी हवामानाविषयी एक करार केला. हवामान राखण्याची जबाबदारी सर्वांची आहे, पण ती सर्वांची सारखी नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले. २०१५ साली पॅरिस येथे तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली, शक्य तर दीड अंशापर्यंत, रोखावी असे ठरले. हवामानामुळे ज्यांची हानी झाली, त्या गरीब देशांना भरपाई देण्यासाठी निधी असावा, ही मागणी छोटी बेटे व गरीब राष्ट्रे कितीतरी वर्षे करीत होती. ती २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल शेख येथे मान्य झाली. निधी स्थापन झाला, पण त्यात पडलेली रक्कम गरजेच्या मानाने फार थोडी आहे. विसापूरचा विचार गावातून राज्यास व राज्यातून देशास पटण्यास चाळीस वर्षे लागली; जगाला तो पटण्यास किती लागतील, कोण जाणे.

आणि समजा, तो निधी उद्या भरला, तरी कवठे महांकाळच्या माळावर तो कोणाच्या हाती पडेल? अवकाळी पावसाने बाग गेली, की तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि सात-बारावर ज्याचे नाव आहे त्याला थोडीफार मदत मिळते. त्या बागेत छाटणीला, विरळणीला, तोडणीला येणाऱ्या मजूर बायांचे हंगामभराचे कामही त्याच पावसाने वाहून नेलेले असते. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना पंचनाम्याच्या कागदावर नसतो. बळीराजा धरणाच्या वाटपात भूमिहीनाला स्थान का दिले गेले, हे या कागदाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

म्हैसाळ योजनेच्या पंपांना यापुढे सूर्यप्रकाशापासून वीज मिळावी, म्हणून जत तालुक्याच्या माळावर मोठा सौर प्रकल्प उभारण्याचे शासनाने ठरविले आहे. ज्या उन्हाने हा मुलूख आजवर होरपळला, तेच ऊन आता कृष्णेचे पाणी वर चढविणार आहे. या प्रकल्पासाठी जर्मनीच्या विकास बँकेकडून पैसा घेण्याचे ठरले. दीडशे वर्षे कोळसा जाळून संपन्न झालेल्या देशातून तो येत आहे, आणि तो कर्ज म्हणून येत आहे.